त्याने गुंडाळलेली कॉइल

नवरा गेल्यानंतर नवव्या दिवशी फिजिक्सच्या मॅडम बारावीच्या वर्गावर परत आल्या. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. प्रयोगशाळेतली कॉइल त्यानेच उरलेली तार गुंडाळून करून दिली होती. मॅडमनी तिच्यात चुंबक घातलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. करंट दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरची सुई एकदा हलून शून्यावर परत आली.

"मॅडम, चुंबक आत आहे, मग करंट का नाही?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"कॉइलमधून चुंबकाचा फ्लक्स जातोय, पण तो बदलत नाहीये. बदलला तरच करंट येतो."

आपणच बोलतोय, असं त्यांना वाटेना.

मुलीने उठून कॉइलच मागेपुढे केली. सुई हलली.

"मॅडम, असं चालतं?"

"चालतं. दोघांपैकी कुणीही हललं तरी चालतं," मॅडम म्हणाल्या. रडू आलं नाही. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहायला घेतलं.