कणगीतली भवानी

माह्या जिभेले हाड नाही, हे सारं रिठद गाव सांगन. पण त्या हप्त्यात ती जशी चालली, तशी वैऱ्याचीबी चालू नये.

मानमोडीच्या तापाची साथ घरोघरी माणसं नेऊन गेली, त्याले चार वर्षं झाली होती. आमी सात घरं येशू प्रभूत आलेलो, ख्रिस्ती झालेलो. गावाच्या कडेले वस्ती, वस्तीत मातीचं प्रार्थनाघर. माही मार्था सहा वर्षांची, एकुलती एक. तिले मुदतीचा ताप भरला. त्या बुधवारी सतरावा दिवस. पोट्टीची नुसती हाडं उरली, आन् मले ओळखेनाशी झाली.

त्याच बुधवारी, उजाडता उजाडता, मले माही मोठी जाऊ दिसली. रुख्मिणी. तिचा नवरा मानमोडीत गेला, लेकरूबाळ नाही. नाल्याकडून येऊन राह्यली होती. लुगडं ओलंचिंब, केस मोकळे, व्हट पुटपुटून राह्यले. माह्या मनात पाल चुकचुकली. बाई ओलेत्यानं कायले जाते, हे का मले सांगा लागते? एक तं देवीले नवस बोलाले, नाही तं कोणावर करणी कराले.

"काहून वो बाई, एवढ्या पायटी?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणे, आन् मान खाली घालून चालली गेली.

काही नाही म्हणे! गुरुवारी तेच. शुक्रवारी मी बाभळीआड लपून पायलं. कमरेएवढ्या पाण्यात उभी, उगवतीकडं तोंड, हात जोडलेले. काय म्हणून राह्यली ते ऐकू आलं नाही. मले आयकाची गरजच वाटली नाही. जिची कूस कधी उजवली नाही, तिले माह्या पोटचा गोळा कसा पाहावन? असं माह्या मनात आलं. वाईट आलं, पण आलं.

आता खरं सांगतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबानं उपरणं पसरलं, आन् साऱ्या घरायनं आपापल्या देव्हाऱ्यातले टाक, ते देवाचे चांदीचे पत्रे, त्यात आणून ठेवले. मी खंडोबा देला. भवानी नाही देली. ती फडक्यात गुंडाळून जवारीच्या कणगीत तळाले दडवली. येशूवर विश्वास नव्हता असं नाही बाप्पा, होता. पण एक दार लागलं तं दुसरं उघडं असावं, इतकंच. तीन वर्षं मी त्याच कणगीतली जवारी दळली, आन् दळता दळता प्रभूची गाणी म्हटली. म्हणून तं मले साऱ्या वस्तीवर संशय. चोराच्या मनात चांदणं!

शुक्रवारी दुपारी पोट्टी निपचित पडली. माहा घरवाला जगदेव उशाशी बसून म्हणे, "प्रभू, तुह्या मर्जीनं होऊ दे."

माह्या अंगाची आग झाली. "त्याची मर्जी पोट्टीले न्याची असन तं?"

तो उठला. वैद्याले बोलवाले गेला. तो वळला तसा मी कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, टाक काढला, आन् मार्थाच्या गोधडीखाली सारला. "माय भवानी, हिले सांभाळ. नारळ देईन, बकरू देईन." आन् त्याच दमात येशूचंबी नाव घेतलं. लाज वाटली, पण घेतलं.

शनिवारी सकाळी तिले दरदरून घाम फुटला. डोळे उघडून म्हणे, "माय, भूक लागली."

जगदेव ढसाढसा रडला, गुडघ्यावर आला. मी तशीच उभी. कोणाचे पाय धरू, हेच मले समजेना. पोट्टी वाचली म्हणून जीव नाचून राह्यला, आन् आता नवस फेडला नाही तं देवी कोपन म्हणून भेव वाटून राह्यलं. टाक उचलून मी कमरेले खोचला.

त्याच सांजेले पाळकसाहेब दौलतराव वाशीमहून बैलाच्या दमणीत आले. महिन्यातून एकदा, रविवारी प्रभुभोजन राहे, येशूची आठवण म्हणून साऱ्यायनं भाकर मोडून खाची. त्याच्या आदल्या सांजेले तयारीची सभा. ज्याच्या मनात पाप असन, कोणाशी वाकडं असन, त्यानं ते साऱ्यायपुढं बोलावं, तवाच उद्याची भाकर.

पोट्टी गाढ झोपली तशी आमी दोघं प्रार्थनाघरात जाऊन बसलो. कमरेले टाक टोचून राह्यला होता. आन् मी उठून काय बोलली?

"साहेब, ही रुख्मिणी रोज पायटी ओलेत्यानं देवीले जाते. चेटकीण हाय. माह्या पोट्टीवर करणी करून राह्यली."

 रुख्मिणी हळूच उठली.

"देवीले नाही जात, साहेब. नाल्यात उभी राह्यतो, जिथं तुमी आमाले बाप्तिस्म्याची बुडी देली तिथंच. माही माय सांगे, मोठं मागणं मागाचं तं उपाशी, ओलेत्यानं. दुसरी रीत मले येत नाही. 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणतो, आन् मार्थाले मागतो. चुकलं असन तं सोडून देईन."

मले धरणी पोटात घेईन तं बरं वाटलं.

दौलतराव म्हणे, "मागणं चुकलं नाही, बाई. पण ओल्या लुगड्यासाठी देव देत नाही. तो फुकट देते. त्यालेच कृपा म्हणतात."

फुकट! नारळ देला, बकरू देलं, का आपलाबी काही हक्क राह्यते. फुकट देणाऱ्यावर भरवसा ठेवाचा तं कशाच्या जोरावर वो? मले रडू फुटलं. मी कमरेचा टाक काढला, मुठीत धरला, आन् कणगीपासून गोधडीपर्यंत सारं सांगून टाकलं. जगदेव तोंडावर हात धरून बसला.

"द्या," दौलतरावानं हात पुढं केला.

मूठ उघडेना. खरंच उघडेना. मन म्हणे दे, बोटं म्हणत, ताप फिरून आला तं?

"साहेब, ताप कोणं उतरवला?"

"तुमाले काय वाटते?"

"मले मालूम नाही. कधी मालूम होणारबी नाही."

"मालूम नसतानाच द्या लागते, कस्तुराबाई."

मी डोळे मिटले. प्रभू, माह्यानं सुटत नाही. तूच सोडव.

काही झालं नाही. मंग बांगड्यायचा आवाज आला. रुख्मिणी माह्यापुढं येऊन बसली होती. मले वाटलं आता थोबाडीत बसते, आन् बसाले पायजेच होती. तिनं माही मूठ आपल्या मांडीवर घेतली.

"तुनं मले चेटकीण म्हटलं, ते मी इतक्यात इसरणार नाही," ती दात खाऊन बोलली. "पण हात ढिला कर."

अंगठ्यापासून एकेक बोट तिनं उघडलं. करंगळीले जोर लावा लागला. टाक तिच्या मांडीवरून जमिनीवर पडला. घरी पोट्टी एकटी होती, तिचा ताप गेलेलाच होता का फिरून आला होता, मले काही मालूम नव्हतं. हात रिकामा होता, आन् रुख्मिणीनं तो अजून धरलेला होता.