आजी जागी होईपर्यंत

"आधी तो कोट काढा," मावशी म्हणाली. "गिटार मांडीवर घ्यायची तर बटणं लागतात तिला. एक चरा उठला की हा आमचा दुकानदार आठवडाभर तोंड पाडून बसतो."

गिऱ्हाईकाने निमूट कोट काढला. ते दातांचे डॉक्टर होते. जगाला आ करायला लावणारा माणूस इथे मुकाट्याने ऐकतोय, हे पाहून दुकानदार मिशीत हसला.

मावशी खरी पडदे शिवणारी. समोरच्याच गल्लीत तिचं शिवणयंत्र. पण शनिवारची सकाळ या जुन्या गिटारींच्या दुकानाची. जुनं लाकूड नुसतं टांगून ठेवलं की त्याचा आवाज आखडतो, म्हणून ती एकेक गिटार भिंतीवरून काढायची, मन लावून वाजवायची आणि पुन्हा आकड्याला अडकवायची. काही गिटारींच्या किमतीत घर आलं असतं.

"पण घर कुठे गातं?" ती नवऱ्याला म्हणायची.

"आपलं करकरतं तरी," तो म्हणायचा.

शेवटचा मान आजीचा. दुकानातली सगळ्यांत म्हातारी गिटार ती. वार्निश उडालेलं, आणि कुणाकुणाच्या बोटांनी घासून घासून भोकाखाली खळगा पडलेला. मावशीचे वडील गात गात प्रवचन करायचे. त्यांची भजनं ती आजीवरच म्हणायची. दुसऱ्या कुठल्या गिटारीवर ती भजनं बसतच नसत.

आज डॉक्टरांना दोन गिटारींतली एक न्यायची होती. एक आजी. दुसरी मधाच्या रंगाची, जुनी असूनही अंगावर ओरखडा नसलेली. तिला दुकानात नवरी म्हणत.

"मला वाजवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काचेचं कपाट मात्र करून घेतलंय. तुम्ही वाजवा, मी ऐकून ठरवतो."

मावशीने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने छताकडे. आजीची खोड दोघांनाच ठाऊक होती. ती गार असताना घोगरी बोलते. बराच वेळ वाजवत राहिलं, लाकडाला मांडीची ऊब लागली, की मग तिचा गळा सुटतो. म्हणजे खोटं काही बोलायचंच नव्हतं. आजीला आधी घ्यायचं, दोन ओळी वाजवायच्या आणि थांबायचं. बस्स, आजी दुकानातच राहिली असती.

मावशीने आजीला आधी घेतलं. खुंट्या पिळल्या, दोन ओळी वाजवल्या. थांबली.

"हिचा आवाज जरा बसलाय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वय झालं हो तिचं," दुकानदार घाईने म्हणाला आणि नवरी पुढे केली. त्याचाही जीव भांड्यात पडला होता. डॉक्टरांनी हात लांबवला.

मावशी आजीच्या तारांवर तळवा ठेवून बसली. वडिलांच्या सभेतून पहिल्या ओळीलाच उठून जाणारे असायचेच. वडील हसून म्हणायचे, "बसला असता तर देव भेटला असता बिचाऱ्याला." आणि आज एकाला दारापर्यंत पोचवायला तीच निघाली होती!

"डॉक्टर, बसा खाली," ती म्हणाली. "माझं संपलेलं नाही."

"मावशी..." दुकानदार पुटपुटला.

"तू गप रे. म्हातारं माणूस उठल्या उठल्या गातं का कधी?"

तिने वाजवायला घेतलं. घाई नाही. एक चाल, तीच पुन्हा, मग जरा वरून. घोगरेपणा विरत गेला आणि खर्ज असा भरून आला की काउंटरवरच्या काचेच्या बरणीतले तारा दाबायचे चिमटे किणकिणले. मग मावशीने वडिलांचं भजन उचललं, मोकळ्या गळ्याने, पुढ्यात सभा बसल्यासारखं. आपण उत्तम वाजवतोय हे तिला कळत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

भजन संपलं तरी डॉक्टरांनी आ मिटला नव्हता.

"हीच," ते म्हणाले.

"न्या. पण कपाटात कोंडलीत तर वर्षात मुकी होईल. रोज वाजवायची."

"अहो, मला येत नाही."

"मग शिका."

"या वयात?"

"हिचं वय विचारलंत का?"

डॉक्टर हसले, आणि मग हसायचे थांबले. आजीला उचलताना त्यांनी, कुणी न सांगता, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. मावशीने ते पाहिलं.

पुढच्या शनिवारी ती नेहमीच्याच वेळी आली. दुकानदाराने आजीच्या जागी काही टांगलं नव्हतं.

"राहू दे चार दिवस," तो म्हणाला.

मावशीने नवरीला मांडीवर घेतलं आणि पहिला सूर छेडला. त्याबरोबर भिंतीवरच्या गिटारी हलकेच गुणगुणल्या, नेहमीच गुणगुणायच्या. एकेक करून त्या शांत झाल्या. सगळ्यांच्या मागून आजीचा खर्ज यायचा. मावशी रिकाम्या आकड्याकडे बघत तेवढा वेळ थांबली.

"हं," ती नवरीला म्हणाली, "आता तू." आणि तिने वडिलांचं भजन पहिल्या ओळीपासून सुरू केलं.