मागचं टेबल

आमच्यात मयताहून थेट घरी येत नाहीत. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं, चार इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलायच्या, म्हणजे गेलेला माणूस पाठोपाठ येत असलाच तर तिथंच रेंगाळतो आणि घराची वाट चुकतो. आमचे लोलो, म्हणजे माझे आजोबा फ्लोरेंतिनो, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला राहून ही रीत जितक्या काटेकोरपणे पाळत तितकी ती फिलिपिन्समध्येही कोणी पाळत नसेल.

त्यांना सवयच झाली होती म्हणा. त्यांच्याबरोबर बोटीतून आलेले, शतावरीच्या शेतात त्यांच्याच शेजारच्या ओळीत वाकून कोंब कापणारे सगळे म्हातारे एकेक करून जात होते. गोऱ्या बायकांशी लग्नाला कायद्याची बंदी आणि रिकाम्या हातांनी गावी परतायची लाज, या कात्रीत सापडून ते जन्मभर सडेच राहिलेले. त्यांना मूठमाती द्यायला लोलोंखेरीज कोण होतं? लोलोंचं नशीब तेवढं उशिरा का होईना उघडलं. महायुद्धानंतर ते गावी जाऊन माझ्या आजीला, लोलाला, घेऊन आले. हाडांची काडं केली त्या माणसाने, पाठ कायमची वाकली, पण घर केलं, आणि त्या घराचा त्यांना अभिमान होता तेवढाच संकोचही होता.

दरेक मयतानंतर हमरस्त्यावरच्या डोनटच्या दुकानात आम्ही मागच्या टेबलाशी बसायचो. मला डोनट, त्यांना कॉफी, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे आणखी एक कॉफी. निघताना त्या खुर्चीकडे बघून ते हळूच म्हणत, "बस हं दादा. आलोच."

"कुणाशी बोलता लोलो?" मी एकदा विचारलं.

"बोलतो कसला, थापा मारतो," ते म्हणाले. "आलोच म्हणतो आणि जात नाही."

पुढे पुढे ते मागे बसेनासे झाले. पुढच्या काउंटरशी उभ्यानेच कॉफी पीत, दुसरा कप मागे ठेवायला जात आणि येताना अंग चोरून, कुणाला धक्का लागू नये असे येत. दुकानात आमच्याशिवाय चिटपाखरू नसायचं.

शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला. "लुदी, मला तिथं सोडून जाऊ नकोस हं."

"कुठं?"

"दुकानात. तिथं बसायला जागा नाही आता."

माझा जीव इतका तुटला, की मी शब्द देऊन बसले.

त्यांना पुरून आलो त्या दुपारी खोऱ्यात नेहमीचं दाट धुकं होतं. लोलाला मी सगळं सांगितलं.

"मेल्यावरही ह्यांचा हट्ट आहेच," ती म्हणाली. "मला का ते नको आहेत, पोरी? पण एकाला दार उघडलं की ते उघडंच राहतं. रीत ती रीत."

आम्ही दुकानात थांबलो, खाल्लं, बळेबळे हसलोही. लोलाला गाडीत बसवून मी स्कार्फ विसरल्याचं निमित्त करून परत आत गेले.

"मागे नको जाऊस," दुकानाची मालकीण फडकं मारत म्हणाली. "तिकडचा हीटर कितीदा दुरुस्त केला, गारठा काही जात नाही."

मागच्या टेबलापाशी उभी राहिले तेव्हा मला रडू कोसळलं. एवढे कष्ट उपसलेल्या माणसाने शेवटी इथं ताटकळायचं? "लोलो, चला घरी," मी म्हटलं. "गाडी बाहेरच आहे." मग दार उघडून धरलं, आणि ते वाकून सावकाश चालतात म्हणून जरा जास्तच वेळ धरलं.

"लाव की दार, धुकं आत येतंय," मालकीण कुरकुरली. मग तिने हात पुसले, मागे पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, इकडे ऊब आली की."

गाडी जड चालत होती. आमच्या गल्लीतल्या उंचवट्यावर ती खालून घासली. एरवी कधी घासत नाही. लोला समोर बघत होती. "मागे बघू नकोस," एवढंच ती म्हणाली.

लोलोंची एक सवय होती. शेतातून आले की मागच्या पायरीवर बूट आपटून चिखल झाडल्याशिवाय ते घरात पाऊल टाकत नसत. आम्ही स्वयंपाकघरात बसलो असताना तो आवाज आला. दोनदा, मग जरा थांबून तिसऱ्यांदा, अगदी त्यांच्याच ढंगाने.

"आले," मी म्हटलं. लोलाने डोळे पुसले, ती हसली आणि तिने त्यांचं ताट काढलं.

मग पुन्हा बूट वाजले. हे पाऊल जड होतं. त्यामागून एक हलकं, लंगडं. मग आणखी एक.

लोलाने ताट त्यांच्या जागेवर मांडलं. खाली वाकून तिने बारशाचं मोठं पातेलं ओढून काढलं आणि ती न मोजता त्यात तांदूळ ओतू लागली. डबा संपला, तरी पायरीवर बूट वाजतच होते.