खंड्याचा पांढरा डोळा

मी एक जुने भिंग आहे. थोरल्याचे लग्न झाले त्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाने दुकानात दहा भिंगे डोळ्याला लावून पाहिली आणि त्यांतून मला निवडले. "दादा, आता तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही," असे म्हणत त्याने मला थोरल्याच्या हातात ठेवले.

मित्रांनो, थोरल्याचा फोटो स्टुडिओ होता. गावात दरवर्षी रानपाखरांच्या फोटोंचे प्रदर्शन भरे आणि परीक्षक ठरलेला, थोरला. फोटोंवर नावे नसत. तो मला फोटोवर ठेवून वाके. आधी पाखराचा डोळा बघे, मग पिसे, मग मागची जागा. डोळा धूसर तर फोटो बाद, हा त्याचा नियम. याच्या भिंगापुढे लबाडी चालत नाही, असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे धाकट्याने हातभर लांब लेन्स घेतली. तिला मऊ कापडात गुंडाळून तो तान्ह्या लेकरासारखा जपे. मी मात्र खणात, कात्री आणि डिंकाच्या बाटलीशेजारी. तीही काच, मीही काच. मग कौतुक तिचेच का? माझा नुसता जळफळाट होई. थोरल्याचेही वेगळे नव्हते. ज्याला त्याने कॅमेरा धरायला शिकवले, त्याचेच फोटो आता लोक भिंतीवर लावत होते.

एका वर्षी प्रदर्शनाला खंड्याचा फोटो आला. सूर मारलेला, चोच पाण्याला नुकती टेकलेली. नाव नव्हते, पण सख्ख्या भावाचे काम कोण ओळखणार नाही? थोरल्याने मला खंड्याच्या डोळ्यावर ठेवले. डोळा पांढरट होता. मला मनातून गुदगुल्या झाल्या. लेन्सबाई एकदाच्या चुकल्या.

थोरल्याची बायको मागून वाकली. "अहो, भोवतीचं पीस न् पीस मोजता येतंय. मग डोळाच तेवढा कसा हलला?"

"तुला यातलं काय कळतं?"

"डोळे आहेत की मला."

खरे तर मलाही दिसत होते. डोळ्यावर एक पातळ पापणी ओढलेली होती आणि तिची कड अगदी स्वच्छ आली होती. थोरल्यालाही ती दिसली. त्याने मला बाजूला सारले आणि लिहिले, 'डोळा धूसर. बाद.'

धाकटा स्टुडिओत आला. "दादा, पाण्यात शिरताना खंड्या आतली पापणी ओढतो. ती टिपायला तीन हिवाळे चिखलात बसलो मी."

"नियम म्हणजे नियम."

"तो पाखराला सांगायचा राहिला बघ," धाकटा म्हणाला. हसला, पण फोटो टेबलावरच सोडून गेला. पुन्हा तो स्टुडिओची पायरी चढला नाही.

थोरला रोज दार लोटून मला त्या फोटोवर ठेवी. महिन्याभराने त्याने फोटोमागे लिहिले, 'डोळा अचूक. चूक माझी.'

"मग नेऊन द्या ना," बायको म्हणाली.

"जातो उद्या."

असे कितीतरी उद्या गेले.

मित्रांनो, मी खोटे दाखवले नाही, पण चूक निघावी अशी आस मीही धरली होती. माझ्यावरचा डाग सदऱ्याच्या टोकाने निघतो. मनातला असा निघत नाही. कोणाचे काम चांगले दिसले, तर त्याला त्याच दिवशी सांगा.

धाकटा पुढच्या हिवाळ्यात तळ्यावरून परतला तो ताप घेऊनच, आणि आठव्या दिवशी गेला. फोटो तेव्हा खणातच होता. थोरला त्यानंतर चार वर्षांनी गेला.