पातळ बलक

"आजही ताट तसंच परत आलं, साहेब," असं म्हणत स्वयंपाकीणबाईंनी ते ओट्यावरून त्याच्यापुढे सरकवलं. पावाचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला होता. अंडं मधोमध कापलेलं होतं. बलक खडूसारखा कोरडा, कडेनं हिरवट.

वृद्धाश्रमाच्या या स्वयंपाकघरात तो अन्नसुरक्षा खात्याचा अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं येत होता. वडील, अण्णा, इथे राहायला आल्यापासून तो मुलगा म्हणूनही येऊ लागला. पण बाईंच्या तोंडचं 'साहेब' काही सुटलं नाही, आणि त्याच्या वरच्या खिशातला टोकदार थर्मामीटरही सुटला नाही.

"थोडं मऊ ठेवून बघितलंत का?" त्यानं विचारलं.

बाईंनी हातातला पंचा खांद्यावर टाकला. "बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत. हे वाक्य कुणाचं, साहेब?"

वाक्य त्याचंच होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या अशाच एका आश्रमात कच्चट अंड्यांमुळे सगळा मजला आजारी पडला होता, आणि नमुने गोळा करायला तो गेला होता. मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरींची रांग संपता संपत नव्हती. काही खाटांना त्या चादरी पुन्हा लागल्याच नाहीत. परत आल्यावर त्यानं तो नियम लिहिला, आणि त्यातला एकही शब्द त्याला आजवर जास्तीचा वाटला नव्हता.

"घरून डबा आणायला मात्र बंदी नाही," बाई ताट उचलत म्हणाल्या. "तेवढी फट तुम्हीच ठेवलीत. मी काही म्हणत नाही. मी आपली भांडी घासते."

वर खोलीत अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती इतकी सैल झाली होती की त्यात आणखी एक मान मावली असती. शेजारच्या खाटेवर घड्याळजी होते. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते नुकतेच आश्रमात परतले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस आता औषधांच्या वेळा सांभाळत पडून असायचा. त्यांना भेटायला कोणी येत नसे.

"अण्णा, जेवत का नाही तुम्ही?"

"जेवण्यासारखं काही दिलं तर जेवेन. पाव बुडवायला पातळ बलक लागतो, बापू. जन्मभर तसंच खाल्लं. हे काय आहे? हे दातांनी फोडायचं की हातोडीनं?"

"त्यानं आजारी पडाल."

"न खाता काय पैलवान होतोय मी? पोट माझं, वय माझं. तुझ्या खात्यानं माझा जीव राखायचा आणि मी तो उपाशी सांभाळायचा, असा बेत आहे का?"

घड्याळजी पांघरुणातून हसले, आणि टाके दुखले म्हणून लगेच गप्प झाले.

बापू दमला होता. दिवसभर लोकांना नाही म्हणायचं आणि संध्याकाळी बापालाही नाही म्हणायचं, हे आताशा त्याच्यानं होत नव्हतं. घरी जाऊन त्यानं रीतसर प्रयोग मांडले. अंडं घरीच पातळ उकडून नेलं, तर कवचाच्या आतल्या उष्णतेनं ते वाटेतच घट्ट होई. गार करून नेलं, तर अण्णा हातही लावणार नाहीत. शेवटी उपाय सापडला : थर्मासमध्ये गरम पाणी, त्यात अंडं, आणि शिजण्याचं काम प्रवासातच उरकायचं. बायको दारात उभी राहून हे सारं पाहत होती. "आमच्या पोळीतसुद्धा थर्मामीटर खुपसणारा माणूस कच्चं अंडं घेऊन निघालाय," ती म्हणाली. "अण्णांना माझा नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी चमच्यानं टोक फोडलं आणि आत पाहिलं. बलक घट्ट होता.

"बापू, तू तपासलंस."

तपासलं होतं खरं. खोलीबाहेरच्या बोळात थर्मासचं झाकण उघडून त्यानं सवयीनं थर्मामीटर आत सोडला होता. पाणी नियमापेक्षा कोमट निघालं, म्हणून शेजारच्या चहाच्या बंबातलं उकळतं पाणी वरून ओतून तो थोडा वेळ तिथेच थांबला होता. हात चालत असताना डोक्यानं एक चकार शब्द काढला नव्हता.

अण्णा रागावले नाहीत, आणि तेच त्याला जड गेलं. त्यांनी अंडं बशीत ठेवलं, बशी दूर सारली आणि ते पुन्हा खिडकीकडे वळले.

त्याच्या पुढच्या दिवशी खिसा रिकामा होता. थर्मामीटर त्यानं कचेरीच्या खणात ठेवून वर कुलूप लावलं होतं. बोळात तो थांबला नाही. अण्णांनी टोक फोडलं, आणि पिवळाधमक बलक कवचाच्या काठावरून ओघळला. त्यांनी पावाचा तुकडा बुडवला. मग दुसरा. हनुवटीवर ओघळ आला, तो पुसायलाही ते थांबले नाहीत.

"साहेब," शेजारून घड्याळजींचा आवाज आला, "एखादं जास्तीचं आहे का हो त्यात?"

बापूनं त्यांच्याकडे पाहिलं. पोटात ताजे टाके, उशाशी अंगातली प्रतिकारशक्ती खाली आणणाऱ्या गोळ्या. नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता, तो नेमका हाच.

"नाही, काका. आणि असतं तरी दिलं नसतं."

"यांना चालतं, मला चालत नाही?"

"यांना काही झालं तर ते माझ्या डोक्यावर. तुमचा धोका मी घेऊ शकत नाही. तुम्ही बरे व्हा, मग बघू."

"बरा झालेला माणूस इथे राहतो होय?" घड्याळजी म्हणाले आणि समोरच्या ताटातलं कोरडं अंडं चावू लागले. बराच वेळ चावत राहिले.

अण्णांचा हात मंदावला. शेवटचा तुकडा त्यांनी बुडवलाच नाही. कवच बशीत पालथं घालून ते हळूच म्हणाले, "उद्या खाली बागेत खाऊ. इथे याच्या डोळ्यांदेखत घास घशाखाली उतरत नाही."

"थंडी आहे बाहेर."

"शाल घेईन. पण खाईन."

बापूनं मान हलवली आणि थर्मासमधलं पाणी मोरीत ओतलं. उद्यापासून चाकाची खुर्ची, शाल आणि थर्मास. शिवाय इथून जाताना रोज घड्याळजींची नजर चुकवायची. तो दारापर्यंत गेला.

"साहेब, निदान मीठ तरी आणा," घड्याळजी मागून म्हणाले. "याला चव म्हणून नाही. की मिठावरही तुमचाच नियम?"

"मिठाचा माझा नाही. तो डॉक्टरांचा."

"मग आणाल?"

"डॉक्टरांना विचारतो."

"विचारलंत म्हणजे संपलंच," घड्याळजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बापू थर्मास काखेत धरून जिना उतरला. खाली डॉक्टरांची खोली अजून उघडी होती. तो दाराशी उभा राहिला, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहू लागला.