येते हं, काकू

“घर बघायला जाशील तिथून निघताना ‘येते’ म्हणू नको बाई. ‘बघते’ म्हण,” सासूबाईंनी नांदगावहून फोनवर बजावलं, तेव्हा तृप्ती फिस्सकन हसली होती.

“मग काय ‘जाते’ म्हणू, आई? काहीतरीच अभद्र!”

“हस तू. येते म्हटलं की समोरचा वाट बघत बसतो.”

तृप्तीनं ते कानाआड केलं. गंगापूर रोडच्या आत, मळ्यांच्या कडेला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिला आवडला होता. तीन वर्षांच्या इराला घेऊन राहायचं, म्हणजे पुरती खातरजमा झाल्याशिवाय ती होकार देणार नव्हती. सकाळी गेली, टळटळीत दुपारी गेली, वीज गेलेली असताना गेली. गॅलरीचे कठडे हलवून पाहिले, जिन्यातल्या दिव्यांवर नजर ठेवली. एजंट नवनाथ वैतागून म्हणाला, “मॅडम, घर घ्यायचंय की इथं मुलगी द्यायचीय?”

खरी माहिती मिळाली ती शेजारच्या दारातून. तिथं मालिनीकाकू एकट्या राहत. यजमान गेलेले, मुलगा हैदराबादला. गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तरतरीत.

“पाण्याचं कसं आहे, काकू?”

“सकाळी भरपूर. मे महिन्यात टँकर. वॉचमननं खळखळ केली तर माझं नाव सांग.”

“आणि बिबट्या?”

“मागच्या मळ्यात दिसला म्हणे. माझ्याकडे नाही आला मेला. आला असता तर चहा तरी पाजला असता.”

तृप्ती त्यांच्याच मोरीतला नळ सोडून पाण्याची धार बघायची, त्यांच्या भिंतीला कान लावून पलीकडचे आवाज ऐकायची. इरा त्यांच्या मांडीवर बसून लाडू खायची, अंगभर सांडायची. निघताना चपलेत पाय सरकवत तृप्ती दर वेळी म्हणायची, “येते हं, काकू.”

“ये गं. वाट बघते.”

एकदा खुर्चीतून उठताना काकूंचा तोल गेला. तृप्तीनं धरलं म्हणून बरं. धाप लागली होती, तरी काकू हसल्या. “आता काय चिंता! तू शेजारी आलीस की नुसतं भिंतीवर ठोकायचं.”

तृप्तीनं त्यांना खुर्चीत टेकवलं आणि इराला उचललं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “रवी, तो फ्लॅट नको. उद्या त्यांचं दुखणंखुपणं माझ्याच गळ्यात पडेल. इराचं करता करताच माझा जीव जातो.”

“अगं, पण तुझं तर किती जाणंयेणं होतं त्यांच्याकडे!”

“माहिती काढायला जात होते.”

बोलून गेली आणि रवीकडे बघवेना, म्हणून उगाच इराची बाटली धुवायला उठली.

इंदिरानगरला दुसरा फ्लॅट घेतला. काकूंना सांगायचं राहून गेलं, असं ती म्हणे. राहून कसलं गेलं, तिनं सांगितलंच नाही. काकूंचा फोन आला की मोबाइल पालथा घालायची.

मग एके दिवशी नवनाथचा फोन आला. “मॅडम, त्या काकूंना कळवायचं तरी! मुलगा न्यायला आला होता. बॅगा भरलेल्या. आणि यांनी ऐन वेळी ठिय्या दिला, शेजारी तृप्ती येतेय, मला कशाला नेतोस. तो चिडून परत गेला. तुम्ही बघितलेला फ्लॅट तर पुण्याच्या एकानं घेऊन कुलूप लावून टाकलाय.”

“मग तू सांगायचं ना त्यांना!”

“सांगितलं की. म्हणाल्या, तू गप रे, ती स्वतः ‘येते’ म्हणून गेलीय.”

दुसऱ्याच दिवशी इराला घेऊन ती निघाली. वाटेत रिक्षात वाक्यं जुळवली. काकू, माझं चुकलं. काकू, मुलाकडे जा. फाटकाशी उतरली, तर काकू गॅलरीतच होत्या.

“आलात? थांबा, चहा टाकते!”

त्या चेहऱ्यापुढं जुळवलेलं सगळं विरघळलं. “आज घाईत आहे, काकू,” ती खालूनच म्हणाली. आणि जिभेला वळण पडलेलं, ते आलंच मागोमाग, “येते हं.”

“ये गं.”

परतताना तिचे कान तापले होते. “आजीकडे का नाही गेलो?” इरा विचारत राहिली.

आता तीच फोन लावते. वाजतो, कुणी उचलत नाही. मुलाचा नंबर तिनं कधी घेतलाच नव्हता. नवनाथ घोटीकडे प्लॉट विकतो, त्याच्याकडेही नाही. जायचं म्हणून ती चपला घालते आणि इराचं काहीतरी निमित्त करून परत काढून ठेवते.

म्हणून तृप्तीचं तुमच्याकडे मागणं आहे. त्या बाजूला गेलात तर मळ्याला लागून गुलाबी इमारत आहे. तिसरा मजला, गॅलरीत निळी खुर्ची. एकदा बघून या. बेल वाजवून लगेच फिरू नका, काकूंना दाराशी यायला वेळ लागतो. दार उघडलं नाही तर वॉचमनला वर बोलवा. उघडलं, तर तृप्ती येणार नाही एवढं सांगा; तिच्यानं ते झालं नाही. आणि निघताना तुमच्या तोंडून ‘येतो’, ‘येते’ निघून गेलं, तर मात्र खरंच परत जा.