वाटणीत गेलेली सुबारू

मित्रांनो, मी एक जुनी सुबारू मोटार आहे, आणि माझ्यावर आली तशी वेळ कोणत्याही मोटारीवर येऊ नये. मोटारी म्हाताऱ्या होतात, गंजतात, भंगारात जातात. त्याचे मला काही वाटत नाही. पण माझी जिवंतपणी वाटणी झाली. धड बहिणीकडे गेले आणि काळीज भावाकडे.

माझा जन्म जपानचा. तिथले फारसे आठवत नाही. ज्याने माझे शेवटचे दार बसवले त्याने ते दोनदा उघडून मिटून पाहिले आणि समाधानाने मान हलवली, एवढेच आठवते. मग जहाज, मग केनियातले मोंबासाचे बंदर, आणि तिथून नांदी डोंगरात, बोइत गुरुजींच्या अंगणात.

बोइत गुरुजी शाळेत गणित शिकवत, पण जीव माझ्यात. शनिवार उजाडला की बाह्या वर करून माझे बॉनेट उघडत. त्यांची बायको तापसुबेई चुलीपाशी बसून विचारायची, "काही बिघडलंय का?"

"अजून नाही," गुरुजी म्हणायचे.

दुपारपर्यंत काहीतरी बिघडायचेच, आणि संध्याकाळपर्यंत ते दुरुस्तही व्हायचे. इतर मोटारींचे इंजिन उभे असते. माझे आडवे पसरलेले, समोरासमोरच्या सिलिंडरांचे, त्यामुळे माझा आवाज जाड आणि संथ, डुगडुग असा. तो खालच्या वळणावर ऐकू आला की तापसुबेई उगालीसाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, पाण्याचे भांडे चुलीवर ठेवायची. पावसाळ्यात चहाच्या पानांचे ट्रक लाल चिखलात रुतून बसत, तेव्हा मी चारही चाकांनी पंजे रोवत त्यांच्या बाजूने वर जायची. ट्रकवाले गुरुजींना हात करायचे. तो हात मला आहे असे मी धरून चालत असे.

मग गुरुजी गेले.

त्यांना दोन मुले. थोरला किमेली चहा खरेदी केंद्रावर पाने तोलण्याचे काम करायचा, धाकटी जेरोप सरकारी दवाखान्यात नर्स. जमीन, गायी, घर यांवरून दोघे एका शब्दाने भांडली नाहीत. भांडली ती माझ्यावरून. गावातली म्हातारी मंडळी झाडाखाली निवाड्याला बसली. ऐकून ऐकून त्यांचा चहा संपला, पुन्हा आला, पुन्हा संपला. शेवटी सर्वांत वडीलधारा माणूस वैतागून म्हणाला, "एक काम करा. करवत आणा आणि अर्धी अर्धी घ्या."

दोघांना लाज वाटावी म्हणून तो बिचारा तसे बोलला होता.

किमेली म्हणाला, "करवत कशाला? इंजिन आणि गिअर माझे. बाकीची तिला."

जेरोप म्हणाली, "चालेल."

वडीलधाऱ्याला आपली काठी सापडेपर्यंत माझे नटबोल्ट सैल व्हायला लागले होते. त्या दिवसापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

पण मित्रांनो, वडिलांचे वेड दोघांतही उतरले होते. जेरोपने अपघातात चेपलेल्या एका नव्या सुबारूचे इंजिन गिअरसकट आणून माझ्या धडात बसवले. ते माझ्या जुन्या इंजिनाच्या दुप्पट तडफेचे आणि चौपट मिजासखोर. बॉनेट बसेना, म्हणून तिने बॉनेटला भोक पाडले. मग मला उंच केले आणि इतका रुंद सायलेन्सर लावला की शेजारणीची कोंबडी त्यात अंडी घालायला जागा बघून गेली. ओढ्यापलीकडे राहणारा किमेली स्वस्थ बसणार थोडाच? कोणाच्या तरी गवताच्या गंजीखालून त्याने एका हिरव्या सुबारूचा सांगाडा ओढून काढला आणि त्यात माझे इंजिन बसवले. त्याला एकाऐवजी दोन कार्बुरेटर लावले. डाव्या बाजूचे दार मात्र दोरीने बांधलेले, कारण किमेलीच्या मते दाराने मोटार पळत नाही.

अशी मी ओढ्याच्या दोन्ही काठांना एकाच वेळी राहत होते. त्यातली खरी मी कोणती, हे मला विचारू नका.

दोघांची अबोला धरण्याची ताकद मोठी होती, पण कानांवर कोणाचा ताबा असतो? एकाची मोटार चालली की दुसऱ्याला ओढ्यापलीकडून ऐकू येई, आणि त्यात काही खोट असली की दुसऱ्याला घास गोड लागत नसे. मधल्या मध्ये सापडले पास्टर एनॉक. दोघेही त्यांच्याच चर्चमध्ये जात. पास्टरांना मोटारीतले एवढेच कळत होते की तिला चाके असतात.

एके दिवशी किमेली त्यांना म्हणाला, "पास्टर, तिला सांगा, तिच्या गाडीला पाणी कमी पडतंय. रेडिएटर लहान आहे. चढावर इंजिन भाजेल."

पास्टर ओढा ओलांडून आले. दवाखान्याबाहेर मी उभी होते, म्हणून मी सारे ऐकले.

"जेरोप," पास्टर घाम पुसत म्हणाले, "तुझा भाऊ म्हणतो, तुझ्यात पाणी कमी आहे."

जेरोपने हातातली सुई खाली ठेवली. "असं म्हणाला?"

"आणि चढावर तू भाजशील, असंही म्हणाला. पण प्रेमानं म्हणाला हो."

"मग त्याला प्रेमानंच सांगा की त्याच्या इंजिनाचा पट्टा सैल झालाय. सकाळी चालू करताना किरकिरतो. आधी तो आवळ म्हणावं."

पास्टर तसेच पलीकडे गेले आणि चहाच्या केंद्रावर, पाने घेऊन आलेल्या सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले, "किमेली, तुझा पट्टा सैल झालाय. सकाळी फारच जाणवतं. जेरोप म्हणते, आधी तो आवळ."

किमेलीने दोन्ही हातांनी आपली विजार धरली. बायका इतक्या हसल्या की पाने तोलायची राहिली. या एका निरोपाने अबोला आणखी घट्ट झाला.

अशात किमेलीच्या मुलीचे लग्न ठरले. चर्च डोंगरापलीकडे, वाट चढाची. आजीने नवरीला आपल्या हाताने मुर्सिक पाजायचे, हे ठरलेले. मुर्सिक म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यात राखेने घोटून आंबवलेले दूध. ते तापसुबेईइतके चांगले कोणाला जमत नसे. पण गुरुजी गेल्यापासून ती कोणत्याच मोटारीत बसली नव्हती. कुठे जायचे झाले तर पायी, नाहीतर नाहीच.

"आई, लग्नाला माझ्या गाडीतनं चल," किमेली म्हणाला.

"माझ्यातनं चल," जेरोपने निरोप धाडला.

म्हातारी म्हणाली, "तुमच्या बाबांची गाडी आणा, मी बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणात दोन बाबांच्या गाड्या उभ्या राहिल्या. पास्टर एनॉक मध्ये उभे, न जाणो गरज पडली तर. तापसुबेई आधी माझ्या धडात बसली. सीटवर हात फिरवला, काचेची मूठ फिरवली. "ही जागा माझी," ती म्हणाली. जेरोपचा चेहरा फुलला. मग तिने चावी फिरवली आणि नवे इंजिन गुरगुरले.

"हा कोण?" म्हातारीने विचारले.

"आई, हे नवं इंजिन. खूप जोरदार आहे."

"असेल. माझी याची ओळख नाही." ती उतरली.

किमेलीने दोरी सोडून आपले दार उघडले. म्हातारी आत बसली. माझे जुने इंजिन डुगडुगायला लागले तशी तिने डोळे मिटले. किमेली श्वास रोखून उभा. मग तिने डोळे उघडले आणि तळाचा पत्रा गंजून पडलेल्या भोकातून खाली बघितले.

"आवाज त्यांचाच आहे रे. पण मला बसवलंयस कुठे? माझ्या पायाखाली गवत आहे." ती काठी टेकत उतरली. "मी अर्ध्या गाडीतनं नातीच्या लग्नाला जाणार नाही. पूर्ण आणा. नाहीतर तुंबा पाठवते, तो बसवा पुढच्या सीटवर."

म्हणून पुढच्या शनिवारी, मित्रांनो, मी पुन्हा गुरुजींच्या अंगणात आले. दोन्हीकडून.

आव्होकाडोच्या जाड फांदीला साखळी बांधली. एका बाजूने किमेली, एका बाजूने जेरोप, मध्ये पांढरा शर्ट घातलेले पास्टर.

"पास्टर, तिला सांगा, सतराचा पाना दे."

"जेरोप, सतरा पाने दे."

"पास्टर, त्याला सांगा, पाना त्याच्या खिशात आहे."

दुपारपर्यंत पास्टरांचा शर्ट काळा झाला. नवे इंजिन निघाले, आता जुने साखळीला टांगून आत सोडायचे होते. किमेली साखळी सोडत होता आणि जेरोप खाली वाकून इंजिन जागेवर आणत होती. एकाएकी फांदी कुरकुरली, साखळी हिसका देऊन घसरली.

"जेरू, हात काढ."

हे पास्टर बोलले नव्हते. जेरोपने हात ओढून घेतला आणि माझे इंजिन धाडकन आपल्या जागी बसले. किमेलीने साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि त्याची बोटे सोलली होती.

"दाखव," जेरोप म्हणाली.

"काही नाही झालं."

"दाखव म्हटलं ना. मी नर्स आहे, पास्टर नाही."

तिने त्याची बोटे धुतली, पट्टी बांधली. मग बांध फुटला. दोघे माझ्या दोन बाजूंनी, उघड्या बॉनेटवर वाकून, मनसोक्त भांडली. पास्टर एकदोनदा निरोप न्यायला पुढे झाले. कोणी देईना, तसे ते केळीखाली जाऊन बसले.

"बाबा तुला इंजिन उघडायला शिकवायचे," किमेली म्हणाला. "शनिवारभर तुम्ही दोघं इथं वाकलेली. मला काय सांगायचे? किमेली, जा, एक चक्कर मारून ये. जसा काही मी ड्रायव्हर."

"आणि मला एकदा तरी चालवायला दिली का?" जेरोप म्हणाली. "तू चक्कर मारायचास आणि मी तेल पुसत बघत बसायची. म्हणून तर मी धड घेतलं. स्टिअरिंग तरी माझं."

किमेलीने पट्टीच्या बोटांनी इंजिनावरचे तेल पुसले. "मी इंजिन घेतलं ते उघडायला मिळावं म्हणून."

मी दोघांच्या मध्ये होते. मला बोलता येत असते तर सांगितले असते की गुरुजींना दोघांचाही सारखाच अभिमान होता. एकाने केलेले दुसऱ्याने चालवून बघावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण गणिताच्या मास्तरांनी घरात तो कधी मांडून दाखवला नाही.

लग्नाच्या दिवशी पाऊस लागला. किमेली नवा सूट घालून स्टिअरिंगवर, शेजारी तापसुबेई, मागे जेरोप आणि मांडीवर मुर्सिकचा तुंबा घेतलेले पास्टर. बॉनेटचे भोक आता बिनकामाचे होते. त्यावर पास्टरांची टोपी तारेने बांधली होती. पहिल्या चढावर टोपी उडाली. दुसऱ्या चढावर पाणी थेट इंजिनात शिरले, आणि मी खोकत खोकत ऐन चिखलात बंद पडले. पुढे वऱ्हाडाच्या भाड्याच्या मोटारी रुतून बसल्या होत्या. पलीकडच्या चर्चची घंटा ऐकू येत होती.

किमेली चावी फिरवत राहिला. जेरोप मागून सूचना देत राहिली. तापसुबेईने काठी आपटली.

"किमेली, तू उतर आणि उघड. जेरोप, तू पुढे ये आणि चालव."

मग किमेली पावसात उतरला. ठिणगी वाटून देणाऱ्या टोपणात पाणी गेले होते. ते त्याने उघडले, पुसायला फडके मिळेना म्हणून गळ्यातला टाय सोडला आणि त्याने आतून कोरडे केले. जेरोपने चावी फिरवली. मी डुगडुगले.

किमेलीने बॉनेट आपटले. "थांबू नकोस. चिखलात थांबलीस तर रुतशील. जा."

आणि जेरोपने मला जी काही चालवली, मित्रांनो! रुतलेल्या मोटारींना बगल देत, बांधाला चाटत, चारही चाकांनी मी वर निघाले. मागून मुलीचा बाप ढकलत पळत होता, आणि माझी चाके त्याच्या नव्या सुटावर लाल चिखल उडवत होती. तापसुबेईने मागे वळून बघितले आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. पास्टर तुंबा कवटाळून प्रार्थना म्हणत होते.

नवरीने आधी आजीच्या हातचे मुर्सिक प्यायले आणि मग दारातल्या चिखलाच्या पुतळ्याकडे बघून विचारले, "हे कोण?" पुतळ्याने तिला मिठी मारली, त्यामुळे दोघांचेही कपडे सारखे झाले.

तेव्हापासून मी गुरुजींच्या अंगणात असते. उरलेले हिरवे धड आणि ते मिजासखोर इंजिन बहीणभावांनी एकत्र जोडले आणि पास्टर एनॉक यांना भेट दिले. आता रविवारी ते चर्चला निघाले की गुरे सैरावैरा पळतात, आणि माणसे मात्र वेळेवर येतात. शनिवारी किमेली माझ्यात काहीतरी नवे बसवतो, जेरोप एक चक्कर मारून येते आणि ते काढायला लावते. मला दुखते थोडे, पण चालते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल आणि तिच्यावरून तुमचे भांडण होईल. जरूर भांडा, पण तिचे तुकडे करू नका. तिला अंगणात आणा, झाकण उघडा, दोन बाजूंनी दोघे वाका आणि मग काय बोलायचे ते बोला. आणि हो, तेवढ्यात तेल बदलून टाका.